डागाळलेले दात झाकायचे आहेत : बेळगाव, निपाणी, कोल्हापूर भागात कुशल दंतवैद्य कसा ओळखावा?

घटप्रभाकाठ
नमस्कार मंडळी. वडिलांच्या नोकरीमुळे माझे बालपण विजापूर जिल्ह्यातल्या एका गावात कूपनलिकेचे पाणी पिऊन गेले. त्या पाण्यात फ्लोराइड जास्त होते हे आम्हाला फार उशिरा समजले, आणि तोवर माझ्या वरच्या पुढच्या दातांवर तपकिरी पट्टे व खडूसारखे पांढरे ठिपके कायमचे बसले होते. आता मी चिकोडीत एका पतसंस्थेच्या काउंटरवर काम करते. मागे एका वयस्कर खातेदारांनी पासबुक पुढे सरकवत अगदी मायेने विचारले, "बाई, तंबाखू सोडत का नाही?" त्यांचा राग आला नाही, पण तेव्हापासून बोलताना हात आपोआप तोंडापुढे जातो.

दोन ठिकाणी दाखवून झाले आहे. बेळगावच्या एका दवाखान्यात वरच्या आठ दातांवर सिरॅमिकचे व्हिनियर (दातावर पुढून चिकटवायचे पातळ कवच) बसवून दोन भेटींत काम संपवू असे सांगितले आणि रक्कमही लगेच कागदावर लिहून दिली. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी मात्र "डाग किती खोल आहेत ते आधी पाहू, काही दातांना कदाचित व्हिनियर लागणारही नाही" एवढेच म्हटले आणि रक्कम सांगायचे टाळले. घरच्यांना पहिले डॉक्टर पसंत आहेत, कारण त्यांचे बोलणे ठाम वाटले. माझा प्रश्न स्वस्त कोण असा नाही. या कामात हात खरोखर कसलेला आहे हे आपल्यासारख्या सामान्य माणसाने कशावरून ओळखायचे? कृपया कोणत्याही डॉक्टरांचे नाव इथे लिहू नये, फक्त पारख सांगावी.

तंबाखूपट्टा
ताई, आमच्या निपाणीत असला प्रश्न तुम्हाला कोणी विचारला नसता, कारण इथे ज्याचे दात पांढरे दिसतात त्याचीच चौकशी होते.

गमतीचा भाग सोडा. माझे डाग खरोखरच तंबाखूचे होते, आणि मीही व्हिनियरचीच चौकशी करायला गेलो होतो. डॉक्टरांनी खुर्चीत बसवून आधी नुसते क्लिनिंग आणि पॉलिशिंग केले, तेव्हाच काळेपणा बहुतेक निघून गेला आणि झाकण्यासारखे फारसे उरलेच नाही. ज्यांनी मला मोठ्या खर्चात पाडण्याऐवजी घरी पाठवले, त्यांच्याकडेच आता आमचे सगळे कुटुंब जाते. तुमचे डाग आतले आहेत हे मान्य, तरी पहिली तपासणी कशी होते यावर लक्ष ठेवा एवढेच माझे म्हणणे आहे.

मार्कंडेय
मी याच जिल्ह्यात दंतवैद्यकी करतो. टोपणनावाने लिहीत असल्यामुळे धंद्याची जाहिरात होणार नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

तंबाखूपट्टा यांनी अनुभवातून सांगितलेले आमच्या अभ्यासक्रमातही पहिल्यांदा शिकवले जाते. चहा, पान, गुटखा, मशेरी यांचे आणि क्लोरहेक्सिडीनच्या माउथवॉशचेसुद्धा डाग दाताच्या पृष्ठभागावर बसतात. ते घासून निघतात, त्यांना काही झाकावे लागत नाही. दाताच्या आतला रंग ही वेगळी गोष्ट आहे. दात घडत असताना, म्हणजे साधारण वयाच्या आठव्या वर्षापर्यंत, पाण्यातून जास्त फ्लोराइड गेले तर एनॅमल (दाताचा बाहेरचा कठीण थर) सच्छिद्र राहते. असा दात हिरडीतून बाहेर येतो तेव्हा बहुधा खडूसारखा पांढरा असतो, आणि पुढे त्या बारीक छिद्रांत खाण्यापिण्यातला रंग शोषला जाऊन तो तपकिरी होत जातो. लहानपणी किंवा आईच्या पोटात असताना टेट्रासायक्लिन गटातले प्रतिजैविक औषध मिळाले असेल, तर रंग एनॅमलच्या खालच्या थरात बसतो आणि करडे-तपकिरी आडवे पट्टे दिसतात. एकच दात काळवंडला असेल, तर बहुधा जुना मार लागून त्याची नस मेलेली असते. त्याला आधी रूट कॅनाल करून आतल्या बाजूने ब्लीच करता येते.

तेव्हा कोणत्याही डॉक्टरांनी तुमचे बालपण कुठे गेले, कोणते पाणी प्यायलात, लहानपणी कोणती औषधे घेतलीत हे विचारण्याआधीच व्हिनियरची संख्या सांगितली, तर तिथे मी थोडे थांबेन. फ्लोरोसिसमध्ये, म्हणजे फ्लोराइडने झालेल्या या दोषात, बरेच डाग वरवरच्या थरात असतात. आम्लयुक्त लेपाने तो थर हलकेच घासण्याची मायक्रोअॅब्रेजन नावाची पद्धत आहे. तिच्यात एक ते दोन दशांश मिलिमीटर एनॅमल जाते. त्यानंतर ब्लीचिंग केले की तपकिरी रंग बराच उतरतो. पांढरे ठिपके ब्लीचने जात नाहीत, उलट सुरुवातीला अधिक उठून दिसतात, पण त्यांच्या छिद्रांत पातळ रेझिन (राळेसारखे द्रव्य) मुरवून ते बुजवता येतात. हे करूनही जे उरेल, त्यासाठी व्हिनियर.

दुसरे असे की 'कॉस्मेटिक डेंटिस्ट' नावाची स्वतंत्र मान्यताप्राप्त शाखा आपल्याकडे नाही, त्यामुळे पाटीवर हे शब्द कोणीही लिहू शकतो. या कामाशी जवळचे एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) दोन : कॉन्झर्व्हेटिव्ह डेंटिस्ट्री व एंडोडॉन्टिक्स, म्हणजे दात भरणे आणि रूट कॅनाल, आणि प्रोस्थोडॉन्टिक्स, म्हणजे कवचे व कृत्रिम दात. फक्त बीडीएस (पहिली पदवी) झालेले काही डॉक्टरही हे काम उत्तम करतात, म्हणून निव्वळ पदवीवर जाऊ नका. पण राज्य दंत परिषदेतली नोंदणी मात्र अवश्य पाहा. शिवाय कर्नाटकात 2007 च्या खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्याप्रमाणे दवाखान्याचे नोंदणी प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावे लागते, ते भिंतीवर आहे का तेही पाहा.

खानापूरकर
डॉक्टरसाहेबांनी टेट्रासायक्लिनचा उल्लेख केला म्हणून लिहितो. माझे दात त्याच कारणाने करडे झाले होते. एका शहरातल्या (शहर सांगत नाही) चकचकीत दवाखान्यात मला अतिशय पातळ व्हिनियर बसवून देण्यात आले, आणि दात अजिबात कापावे लागणार नाहीत हीच त्याची मोठी खुबी म्हणून सांगितली गेली. बसवल्यावर दवाखान्यातल्या दिव्याखाली सगळे छान दिसले. घरी येऊन अंगणात आरशात पाहिले, तर चुन्याच्या एका हातातून भिंतीचा जुना रंग डोकावावा तसा करडेपणा वर आलेला होता. तक्रार केल्यावर उत्तर मिळाले की तुमचे मूळ दातच फार काळे आहेत. दात काळे होते म्हणूनच मी तिथे गेलो होतो, हे त्यांना कोणी सांगावे?

पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी ते सगळे काढले, कित्येक महिने रात्री ट्रे लावून घरगुती ब्लीचिंग करून घेतले आणि मगच थोडी अपारदर्शक सिरॅमिकची कवचे बसवली. त्यामुळे ताई, माझा सल्ला असा की, "माझ्याइतक्या गडद दातांवर तुम्ही केलेले काम दाखवा," असे स्पष्ट विचारावे. आधीच बऱ्यापैकी पांढऱ्या असलेल्या दातांना आणखी पांढरे केल्याचे फोटो आपल्या काहीच उपयोगाचे नाहीत.

कुंदाप्रेमी
सर्वांची क्षमा मागून वेगळे मत मांडतो. दात किडलेले नाहीत, दुखत नाहीत, चावायला मजबूत आहेत, आणि केवळ रंगासाठी त्यांच्यावर कानस चालवायची? हत्तीचे दाखवायचे दात वेगळे असतात हे ठीक, पण हत्तीने ते पैसे देऊन बसवलेले नसतात. आमच्या पिढीत मशेरीने काळे झालेले दात घेऊन बायका लग्नकार्यात खळखळून हसत होत्या.

घटप्रभाकाठ
कुंदाप्रेमी काका, तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि दात कापण्याची भीती मलाही वाटते. पण त्या बायकांना कोणी काउंटरवर बसवून दिवसभर अनोळखी माणसांशी बोलायला लावले नव्हते. हसायचे की नाही हे माझे मला ठरवता यावे, एवढीच इच्छा आहे.

मार्कंडेय सर, तुम्ही सांगितलेल्या प्रश्नांपैकी बेळगावच्या दवाखान्यात मला एकही विचारला गेला नव्हता. कोल्हापुरात मात्र, "लहानपणी विहिरीचे पाणी की बोअरचे?" हाच पहिला प्रश्न होता.

दुधगंगा
दंत महाविद्यालयांचा विचार अजून कोणी मांडलेला दिसत नाही. बेळगावात नेहरूनगरला केएलईचे विश्वनाथ कत्ती दंत महाविद्यालय आहे, मराठा मंडळाचे दंत महाविद्यालय आहे, आणि जरा पुढे गेले तर धारवाडला एसडीएमचे आहे. तिथे पदव्युत्तर शिक्षण घेणारे डॉक्टर प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. माझ्या बहिणीच्या दातांचे फ्लोरोसिसचे काम अशाच एका महाविद्यालयात झाले. खासगी दवाखान्यापेक्षा खर्च बराच कमी आला, पण रांगेत बसावे लागते, प्रत्येक टप्प्यावर विद्यार्थी सरांना बोलावून आणतात, सर येईपर्यंत आपण तोंड उघडे ठेवून छताकडे पाहत बसायचे. पण त्यात एक फायदाही असतो. दात कापण्याआधी दुसऱ्या अनुभवी डोळ्यांनी तो पाहिलेला असतो, आणि जे विद्यार्थ्याला समजावून सांगतात ते आपल्यालाही आपसूक ऐकायला मिळते. नोकरीतून रजा मिळत असेल तर हा मार्ग अवश्य पाहावा.

चोर्ला_वळण
दुधगंगा यांच्याशी अर्धाच सहमत आहे. महाविद्यालयात क्लिनिंग, फिलिंग, रूट कॅनाल ही कामे उत्तम होतात, पण पुढच्या दातांचे सौंदर्याचे काम शिकाऊ हातावर सोपवायला माझे मन धजत नाही. मी गोव्यात राहतो आणि चोर्ला घाटातून गावी येत-जात असतो. इकडे परदेशी पाहुण्यांमुळे अशा कामाचा चांगला सराव असलेले डॉक्टर आहेत. मी तर एका डॉक्टरांचे आधीचे-नंतरचे फोटो मोबाइलवर पाहूनच निवड केली आणि समाधानी आहे.

खानापूरकर
चोर्ला_वळण, मीही फोटो पाहूनच गेलो होतो.

मार्कंडेय
फोटो वाईट नसतात, ते पाहायचे कसे हे माहीत हवे. आधीचा फोटो पिवळ्या उजेडात ओठ मिटवून आणि नंतरचा पांढऱ्या झगझगीत दिव्याखाली ओठ ताणून काढलेला असेल, तर तो बाजूला ठेवा. नंतरच्या फोटोत हिरडीची कड पाहा. ती गुलाबी आणि कवचाला नीट लागून बसलेली असावी, लाल आणि सुजलेली नसावी. सगळे दात एकाच छटेचे आणि एकाच लांबीचे दिसत असतील तर ते काम मला बरे वाटत नाही, कारण खऱ्या दातांत सुळा शेजारच्या दातांपेक्षा किंचित गडद असतो आणि दाताची टोकाकडची कड थोडी पारदर्शक असते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे काम पूर्ण झाल्यावर चार-पाच वर्षांनी काढलेला फोटो आहे का, हे विचारा. बसवल्या दिवशी सगळीच कवचे सुंदर दिसतात.

त्याहून चांगली परीक्षा म्हणजे मॉक-अप. तुमच्या दातांचा साचा घेऊन त्यावर मेणाने नवा आकार घडवतात, आणि त्यावरून तात्पुरते रेझिन तुमच्या तोंडात, दात न कापता, लावून दाखवतात. तुम्ही आरशात पाहा, बोलून पाहा, 'फ', 'व', 'स' नीट उमटतात का ते तपासा, घरच्यांना दाखवा. आवडले नाही तर ते निघून येते. जे डॉक्टर हा टप्पा टाळायला सांगतात, ते वेळ त्यांचा वाचवत असतात, तुमचा नव्हे.

रंगाबद्दलही एक सांगून ठेवतो. छटेची निवड दिवसाच्या उजेडात आणि भेटीच्या अगदी सुरुवातीला व्हायला हवी. तोंड बराच वेळ उघडे राहून दात सुकले की ते असतात त्यापेक्षा पांढरे दिसू लागतात आणि निवड चुकते. खानापूरकर यांच्या बाबतीत अडचण मात्र वेगळी होती. गडद दात झाकायला एक तर कवच जाड लागते, नाहीतर जास्त अपारदर्शक, आणि फार अपारदर्शक केले तर दात निर्जीव दिसतो. म्हणून आधी ब्लीचने मूळ रंग शक्य तेवढा उजळ करून घ्यायचा, साधारण दोन आठवडे थांबायचे, कारण ब्लीचनंतर लगेच काही चिकटवले तर पकड कच्ची राहते, आणि मग झाकायचे. ज्यांना हे करायचे ठाऊक आहे ते तुम्हाला दोन भेटींचा वायदा देणार नाहीत.

अथणीची_सून
थोडे बाजूचे विचारते, पण संबंध आहे. आमच्या वस्तीवरही बोअरचेच पाणी आहे आणि माझा मुलगा पाच वर्षांचा आहे. पाणी उकळून दिले तर चालेल का?

मार्कंडेय
ताई, उकळल्याने फ्लोराइड जात नाही. पाणी आटते तसे त्याचे प्रमाण थोडे वाढतेच. आधी पाण्याची तपासणी करून घ्या. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला 1 मिलिग्रॅम ही इष्ट मर्यादा आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर 1.5 मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतात. जास्त निघाले तर आरओ किंवा अॅक्टिव्हेटेड अॅल्युमिनाचे फिल्टर उपयोगी पडते, किंवा नदीच्या योजनेचे पाणी मिळत असेल तर पिण्यापुरते ते वापरा. मुलाचे पुढचे कायमचे दात अजून हिरडीखाली घडत आहेत, त्यामुळे आता घेतलेली काळजी वाया जाणार नाही.

तंबाखूपट्टा
एकूण चर्चा कोल्हापूरच्या डॉक्टरांकडे झुकलेली दिसते. आम्हा निपाणीकरांना तर कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ, म्हणून आनंदच आहे.

कुंदाप्रेमी
कृपया सीमाप्रश्न दातांपर्यंत आणू नका. बेळगावातही आधी प्रश्न विचारणारे आणि मग हत्यार उचलणारे डॉक्टर आहेत, माझ्या सुनेनेच मला ते दाखवून दिले आहे. शहर पाहू नका, खुर्चीतला माणूस पाहा. आणि डॉक्टर पंधरा मिनिटांच्या अंतरावर असण्याला किंमत असते. कवच निघाले तर चिकोडीहून पुन्हा बस पकडायची आहे, हेही ताईंनी लक्षात घ्यावे.

दुधगंगा
कुंदाप्रेमी यांचा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. त्याला जोडून खर्चाचे लिहिते. एकूण रक्कम विचारू नका, टप्प्याटप्प्याची विचारा : तपासणी, क्लिनिंग, ब्लीचिंग, मॉक-अप, प्रत्येक दाताचे व्हिनियर, आणि पुढे एखादे निघाले किंवा तडकले तर त्याचे काय. बहिणीच्या वेळी संमतीपत्र कन्नड आणि इंग्रजीत होते. आम्ही ते मराठीत समजावून मागितले, तेव्हा सिस्टरने ओळ न् ओळ वाचून अर्थ सांगितला. सही करण्याआधी एवढे मागायला संकोच करू नये. कोणता दात किती कापणार हे त्याच कागदावर लिहिलेले असते.

चोर्ला_वळण
सिरॅमिकऐवजी कॉम्पोझिट (दातावरच घडवायचे दाताच्या रंगाचे रेझिन) घ्यावे का? माझ्या ओळखीत एकाने तेच केले आणि एका दिवसात काम झाले.

मार्कंडेय
कॉम्पोझिट स्वस्त असते, बहुधा दात फार कमी कापावा लागतो आणि तडकले तर तिथेच दुरुस्त होते. पण चहा-कॉफीने काही वर्षांत त्याचा रंग बदलतो आणि चकाकी उतरते, म्हणून पॉलिश करत राहावे लागते. नीट चिकटवलेले सिरॅमिक दहा-पंधरा वर्षे सहज टिकते आणि रंग धरत नाही, मात्र त्यासाठी साधारण 0.3 ते 0.7 मिलिमीटर एनॅमल जाते आणि गेलेले परत येत नाही. वय कमी असेल किंवा निर्णय पक्का नसेल, तर मी कॉम्पोझिटने सुरुवात करतो. फ्लोरोसिसच्या दाताला चिकटवण्याआधी आम्ल नेहमीपेक्षा जास्त वेळ लावावे लागते, नाहीतर दोन्हीही निसटतात. हे तुमच्या डॉक्टरांना विचारून पाहा, त्यांचे उत्तर लगेच आले तर समजा की असे दात त्यांनी हाताळलेले आहेत.

घटप्रभाकाठ
सर्वांचे मनापासून आभार. इथे सुचवलेले प्रश्न कागदावर लिहून मी दोन्ही डॉक्टरांकडे पुन्हा गेले. बेळगावच्या दवाखान्यात मॉक-अपची गरज नाही, संगणकावर चित्र दाखवू असे उत्तर मिळाले, आणि तेवढ्या गडद दातांचे जुने फोटो दाखवता आले नाहीत. त्यानंतर कुंदाप्रेमी काकांचे ऐकून बेळगावातल्याच आणखी एका एमडीएस डॉक्टरीणबाईंना भेटले. त्यांनी खिडकीजवळ बसवून दात पाहिले, एका दातावर ओल्या कापसाने पुसून आणि नंतर हवेने सुकवून पांढरा ठिपका कसा वेगळा दिसतो ते आरशात दाखवले, आणि आठपैकी चारच दातांना झाकण्याची गरज पडेल असा अंदाज सांगितला. आम्ल जास्त वेळ लावण्याचा प्रश्न मी पुरा विचारायच्या आतच त्यांनी उत्तर दिले. कोल्हापूरचे डॉक्टरही योग्यच वाटले होते, पण यांच्याकडेच करायचे ठरवले आहे. क्लिनिंग झाले, मायक्रोअॅब्रेजन पुढच्या आठवड्यात आहे, ब्लीच त्यानंतर. घरच्यांना अजून पटलेले नाही, कारण पूर्ण रक्कम या बाईंनीही सांगितलेली नाही, फक्त टप्प्यांची सांगितली आहे.

कुंदाप्रेमी
चार दात वाचले, म्हणजे माझा अर्धा विरोध मागे.

मार्कंडेय
उत्तम. शेवटी व्हिनियर बसतील तेव्हा सिरॅमिकचा प्रकार, छटेचा क्रमांक, वापरलेले सिमेंट आणि प्रयोगशाळेचे नाव एका कागदावर लिहून घ्या आणि कागद जपून ठेवा. पुढे एखादे कवच तडकले, तर इतर कोणत्याही डॉक्टरांना शेजारच्या दाताशी ते जुळवता येईल. रात्री दात खात असाल तर आत्ताच सांगून टाका, म्हणजे झोपताना लावायचा गार्डही त्या करून देतील.

घटप्रभाकाठ
दात खाते की नाही ते मला ठाऊक नाही सर, आज यजमानांना विचारून उद्या त्यांना कळवते.